जाणाऱ्याला काय म्हणायचं

मालनबाईची जीभ हिंगोलीकडच्या गोरेगावात कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. अंगणवाडीत ती मदतनीस. चुलीवर खिचडी शिजायची आणि तिच्यासोबत सगळ्या गावाच्या भानगडीही शिजायच्या. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाचं पोरगं दहावीला पुन्हा आपटलं, कुणी शेताच्या धुऱ्यावरची तूर आपली म्हणून उपटली, सगळं तिच्या तोंडी. मनानं मात्र बाई वाईट नव्हती. ज्याला टोमणा मारायची त्याच्याच घरी दुखणं आलं की सगळ्यांच्या आधी हीच धावायची. खोड एकच, एकदा बोललेला शब्द मागं घेणं तिला जन्मात जमलं नाही.

आणि एक शब्द ती भर चौकात बोलून बसली होती. झालं असं, तांड्यावरच्या भागूबाईचा हरिचंद पुण्याला कामाला लागला आणि महिना उलटायच्या आत परत आला. आई फोनवर रडली म्हणून आला. भागूबाई चौकात भाजीची पाटी लावायची. तिथं चार बायका उभ्या असताना मालनबाई म्हणाली, "लेकराला पदराला बांधूनच ठेवायचं व्हतं तर शिकवलं काहून? माझा रविंद्र जगाच्या टोकाला गेला तरी मी 'ये' म्हननार न्हाई." भागूबाई मेथीची जुडी बांधत राहिली. बायका मात्र हसल्या, आणि मालनबाईला त्या हसण्याचं फार बरं वाटलं.

रविंद्र तिचा एकुलता एक पोरगा. मोठी लेक राणी कळमनुरीला दिलेली. नवरा मुंजाजी दिवसभरात मोजकी वाक्यं बोलणारा माणूस, दोन वाक्यांच्या मध्ये त्याची सुपारी चघळून व्हायची. रविंद्रनं हिंगोलीला आयटीआय केलं आणि पुण्याकडच्या एका कोरियन कंपनीत लागला. पोरगं हुशार, हाताला वळण चांगलं. दोन वर्षांत साहेबांच्या डोळ्यात भरलं. मग एका सुटीत घरी आलं ते बातमी घेऊनच: कंपनी त्याला वर्षभर कोरियात ट्रेनिंगला पाठवणार होती.

जाण्याआधी कंपनीनं सगळ्या पोरांना बोलण्याचालण्याचे चार शब्द पाठ करायला लावले होते. रविंद्रला सराव करायला दुसरं कुणी मिळेना. म्हणून तो चुलीपुढं बसला आणि भाकरी थापणाऱ्या आईलाच कोरियन शिकवू लागला.

"माय, हे बघ. कुनी भेटलं की म्हनायचं, आन्न्योंग हासेयो."

"म्हंजे जयभीम?"

"तसंच. खुशाल हाव का, असा अर्थ. अन् असं कमरेतून वाकायचं."

"हासेयो," मालनबाईनं भाकरी उलथली. "हासून म्हनायचं असंल. बघ, कसं पक्कं राहतंय ध्यानात. पन ते 'यो' काय लावून राहिला शेवटी?"

"ते आदराचं. आपलं 'जी' असतंय तसं. मोठ्या मानसाला 'यो' सोडून बोललं की त्यांना लई राग येतो."

"आवडलं मला. आपल्या गावात सरपंचालाबी कुनी जी म्हनत न्हाई."

आभार मानायचे तर 'कामसाहामनिदा'. ते तिला एका दमात पाठ झालं, कारण त्यात काम होतं, आणि काम झाल्यावर ते म्हणायचं होतं. अंगणवाडीतल्या लेकरांना तिनं दुसऱ्याच दिवशी ते शिकवलं. खिचडीची ताटली हातात घेऊन सेनगाव तालुक्यातली ती उघडी-नागडी पोरं वाकून 'कामसाहामनिदा' म्हणू लागली. तपासणीला आलेल्या मॅडमना वाटलं, ही इथली बोलीभाषा असावी.

घोळ झाला तो निरोपाच्या शब्दावर. कोरियन लोकांत निरोपाचे शब्द दोन. एक, मागं राहणाऱ्यानं जाणाऱ्याला म्हणायचा. दुसरा, जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्याला म्हणायचा. एक 'आन्न्योंगही गासेयो', दुसरा 'आन्न्योंगही गेसेयो'. 'गा' आणि 'गे', एवढाच फरक.

"समजलं," मालनबाई म्हणाली. "गे म्हंजे गेला. जो चालला त्याला गेसेयो."

"न्हाई माय, बराबर उलटं! गा म्हंजे जा. गासेयो, म्हंजे खुशाल जावा. गे म्हंजे राहा. गेसेयो, खुशाल राहा. मी जाऊन राहिलो, तर मी तुला म्हननार गेसेयो. तू मला म्हनायचं, गासेयो."

मालनबाईचा हात पिठातच थांबला. "म्हंजे मी तुला 'जा' म्हनू?"

"खुशाल जा, असं."

"खुशाल म्हन न्हाई तर काही म्हन. जा ते जाच." 

आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पडणाऱ्याला कुणी जा म्हणत नाही. जाणारा 'येतो' म्हणतो आणि राहणारा 'ये' म्हणतो. शेजारी काडेपेटी मागायला आला तरी 'येतो' म्हणूनच जातो. चुकून कुणी 'जातो' म्हणालं तर म्हाताऱ्या बाया त्याला परत बसवतात, पाणी देतात आणि नव्यानं निरोप घ्यायला लावतात. पोटच्या पोराला, तेही इतक्या लांब निघालेल्याला, जा कसं म्हणायचं? तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलथायची राहून गेली, आणि कोपऱ्यातून मुंजाजी म्हणाला, "जळून राहिली."

निघायच्या दिवशी हिंगोलीच्या जीपपाशी निम्मं गाव जमलं. चौकातल्या प्रेमदासनं आपला एसटीडी बूथ थोडा वेळ बंद ठेवला. भागूबाईही पाटीपासून उठून आली. रविंद्र सगळ्यांच्या पाया पडला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं आईला म्हणाला, "आन्न्योंगही गेसेयो!" लोकांनी कान टवकारले. आता मालनबाईची पाळी होती.

मालनबाई सरळ उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "आन्न्योंगही गेसेयो."

रविंद्र खो खो हसला. "चुकलीस माय! ते जानाराचं. तू तर राहून राहिलीस. गे म्हंजे गेला न्हाई."

"चुकू दे," ती म्हणाली.

ती चुकली नव्हती. गे म्हणजे राहा हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोरा, राहा, असंच तिला म्हणायचं होतं. चौकात बोललेल्या शब्दामुळं मराठीत तोंड बांधलेलं, म्हणून तिनं ते तिकडच्या भाषेत म्हणून घेतलं. कुणालाच कळलं नाही, पोरालासुद्धा. उलट ही युक्ती आपल्याला सुचली याचाच तिला आनंद झाला. पुढं आयुष्यभर तिनं त्या आनंदाला शिव्या घातल्या.

रविंद्रचा फोन दर रविवारी प्रेमदासच्या बूथवर यायचा. काचेची खोली, तिचं दार कधी नीट लागायचं नाही, आणि दाराला लागूनच भागूबाईची भाजीची पाटी. आत जे बोलाल ते वांग्या-टमाट्यांसकट सगळ्यांनी ऐकावं अशी सोय. मालनबाई सुरुवातीला मुद्दाम मोठ्यानं बोलायची. बर्फ पडलं व्हय? गुडघ्याएवढं? असं विचारायची आणि तिरक्या नजरेनं भागूबाईकडं पाहायची.

एकदा फोन ठेवताना ती सवयीनं 'गेसेयो' म्हणाली, तर रविंद्र म्हणाला, "माय, आज तू बराबर म्हनलीस. फोनवर दोघंबी गेसेयोच म्हनतात. कुनीच कुठं जात न्हाई ना. तू तिकडं राहनार, मी इकडं."

मालनबाई खूष झाली. अखेर तिचा शब्द बरोबर ठरला होता. तू तिकडं, मी इकडं, हे मागचं वाक्य तिनं कानाआड केलं. 

वर्ष सरत आलं. दसऱ्याच्या आत पोरगं घरी, असा हिशोब धरून तिनं घराला चुना मारला, राणीला निरोप धाडला, एक-दोन मुलीही बघून ठेवल्या. आणि त्याच सुमारास एका रविवारी रविंद्रचा आवाज वेगळा आला. अडखळत होता. जेवलीस का, बा कसा हाय, पाऊस झाला का, सगळं दोनदोनदा विचारून झालं.

"माय, हे लोक मला इथंच ठिवून घ्यायचं म्हनून राहिले. कायमचं. काम चांगलं हाय. पन मला काही सुचंना. घरची लई याद येते. तू सांग. तू म्हनशील तसं करतो."

मालनबाईनं रिसीव्हर घट्ट धरला. तोंडात शब्द आलेला होता. ये. एका अक्षराचा शब्द, दूधपितं लेकरूही म्हणतं. ये रे बाबा, मला करमत न्हाई, तुझा बा बोलत न्हाई, पन रोज संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसतो, ये. काचेपलीकडं भागूबाई कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होती. शिंपडता शिंपडता तिचा हात थांबला होता. तिच्याशेजारी हरिचंद बसला होता, महिन्यात परत आलेला तो हरिचंद, आईची पाटी उचलायला आलेला.

ये म्हटलं असतं तर भागूबाई हसली असती का? बहुतेक नसती. फार तर आत येऊन तिनं पाठीवरून हात फिरवला असता. पण मालनबाईला तेव्हा ते सुचलं नाही. तिला तो जुना चौक दिसला, त्या हसणाऱ्या बायका दिसल्या, आणि तिला आपली जुनी युक्ती आठवली. कुणाला न कळणारा शब्द तिच्याकडं होता. जिवातलं सगळं त्यात ओतून, जवळजवळ रडत ती म्हणाली, "गेसेयो, बाबा. आन्न्योंगही गेसेयो."

राहा, माझ्यापाशी राहा.

खरखरीतून रविंद्रचा आवाज आला, "बरं, माय."

त्या दिवशी मालनबाई घरी गेली ती उड्या मारायचीच बाकी. मुंजाजीला म्हणाली, "पोरगं येऊन राहिलं."

"त्यो म्हनला का?"

"बरं म्हनला."

मुंजाजीनं सुपारी कातरली आणि आणखी काही विचारलं नाही. तिनं गोधडी धुतली, रविंद्रच्या आवडीच्या शेवया काढून ठेवल्या. हिंगोलीकडून जीप आली की चुलीवरचं सोडून दाराशी यायची.

दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. रविंद्र आता मोकळा बोलत होता. सह्या झाल्या, राहायला खोली मिळाली, सगळं ठरलं. "माय, मी भिऊन राहिलो व्हतो. पन तूच राहा म्हनलीस, तवा हिंमत आली. रडून राहिली व्हतीस, तरीबी म्हनलीस. तुझ्यासारखी माय कुनाची न्हाई."

अजूनही वेळ होती. तसं नव्हतं रे, मी इथं राहा म्हनले व्हते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सह्या झाल्या म्हणून काय, माणसं करार मोडतातही. पण पोराच्या आवाजात केवढं कौतुक होतं! आपल्या आईनं काळजावर दगड ठेवून आपल्याला पाठवलं, असं त्याला वाटत होतं. ते कौतुक परत करणं तिला जमलं नाही. ती म्हणाली, "चांगलं केलंस."

घरी आल्यावर मात्र तिनं मुंजाजीला सगळं सांगितलं. बाहेरच्या जगात वाघीण असलेली बाई उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडली. मुंजाजी शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मराठीत काहून न्हाई म्हनलीस?"

त्यानंतर अंगणवाडीतली तिची बडबडही कमी झाली. लेकरं ताटली घेऊन वाकून कामसाहामनिदा म्हणायची, तर ही म्हणायची, "मराठीत बोला रे, मराठीत. समदं मराठीत बोलत जा." लेकरांना वाटायचं, बाई आज रागात आहे.

वर्षं गेली. प्रेमदासचा बूथ बंद पडला, तिथं तो मोबाइलचं रिचार्ज मारू लागला. मुंजाजीचा एक पाय ओढू लागला. रविंद्र दरवेळी पुढच्या वर्षी म्हणायचा आणि पुढचं वर्ष आलं की त्याच्या पुढचं. शेवटी एकदा आला. सोबत तिकडचीच कोरियन बायको होती आणि कडेवर लेक. लेकीचं नाव मीना. तिकडंही चालणारं आणि इकडंही. बायकोचं नाव सुनही. "ही सुनही," असं रविंद्र सांगू लागला की बायका म्हणायच्या, "सून ही, ते दिसून राहिलं. नाव काय तिचं?" असा आठवडाभर हसण्याचा कार्यक्रम झाला. सून गुणाची होती. कमरेतून वाकून सगळ्यांना नमस्कार करी, चुलीपाशी बसून डोळे चोळी, पण उठत नसे. मालनबाईला तिच्यात नाव ठेवायला जागा सापडली नाही, आणि त्याचंही तिला वाईटच वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी मायलेक अंगणात तुरी पाखडत बसले होते. मालनबाईच्या तोंडून एकदाचं निघालं.

"रविंद्र, त्या दिशी फोनवर मी तुला ये म्हनले व्हते."

"कवा?"

"तू विचारलंस तवा. राहू का म्हनून."

"तू तर गेसेयो म्हनलीस."

"इथं राहा, असं म्हनले व्हते मी. पहिल्यापासून तसंच म्हनत व्हते. जीपपाशीबी."

रविंद्रच्या हातातलं सूप कललं. तुरीचे दाणे एका बाजूला घरंगळत आले आणि मातीत पडले. बराच वेळ तो ते वेचत बसला. मग हळूच म्हणाला, "ये म्हनली असतीस तर आलो असतो, माय. त्यासाठीच केला व्हता फोन."

आत सुनही मीनाला काहीतरी गुणगुणून झोपवत होती.

"तिकडं गेल्यावर मला एक कळलं," तो म्हणाला. "घरच्या मानसाला तिथं कुनी गासेयो म्हनत न्हाई. ते पाव्हन्यारावळ्याचं. घरचा मानूस भायेर निघाला की त्यो म्हनतो, जाऊन येतो. अन् घरचे म्हनतात, दान्योओसेयो. जाऊन या. आपल्यासारखंच हाय. रोज सकाळी सुनही मला म्हनते. आमाला शिकवलेल्या चार शब्दांत ते नव्हतंच. मला तवा तो शब्द म्हाईत असता, तर तुला तोच शिकवला असता."

"मला म्हाईत व्हता," मालनबाई म्हणाली. "मराठीत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा जीप, पुन्हा चौक. ह्या वेळी गर्दी कमी होती. भागूबाई होती, आता केस पांढरे झालेली. पाटीपाशी आता हरिचंद बसत होता, त्याची दोन पोरं बाजूला खेळत होती. मुंजाजी काठी टेकत आला. पिशव्या टपावर चढल्या. मालनबाईनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. आज कुणाची लाज धरायची नाही. सगळ्यांच्या देखत, भागूबाईच्या तोंडापुढं, ती पुढं झाली, पोराच्या दंडाला धरलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ये रे बाबा. जाऊन ये. लवकर ये. मला करमत न्हाई."

भागूबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसायला नव्हे.

रविंद्रचे डोळे भरले. तो काही बोलणार, तोच सुनही जीपपाशी येऊन वाकली आणि मीनाला पुढं करून तिच्याकडून म्हणवून घेऊ लागली, "आन्न्योंगही गेसेयो." पोरीनं बोबडं म्हटलं, "गेसेयो." तिला हुरूप यावा म्हणून बापही तिच्यासोबत म्हणाला, इतक्या वर्षांच्या सवयीनं, कमरेतून वाकून, पाहुण्यानं निघताना म्हणावं तसं, "आन्न्योंगही गेसेयो, माय."

येतो म्हणाला नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नसावं. जीप सुरू झाली, मीनाचा हात खिडकीतून हलत राहिला आणि सेनगावच्या वळणापर्यंत धूळ दिसत राहिली.

भागूबाई जवळ आली. तिनं मालनबाईच्या पाठीवर हात ठेवला. "काय म्हनला गं जाताना? त्यांच्या भाषेत काही म्हनला न्हाई का?"

मालनबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"राहा म्हनला," ती म्हणाली.